बेरीज सहा, गुणाकार चार

चन्नारीबाईंचं प्रत्येक समीकरण सुटायचं, याचं कारण ते वर्गात येण्याआधीच सुटलेलं असायचं.

सकाळी सांकेर नदीवरून पाणी आणताना ती दोन आकडे मनात धरायची. समजा तीन आणि सात. बेरीज दहा, गुणाकार एकवीस. घरी येऊन घडे उतरवेपर्यंत समीकरण तयार व्हायचं: क्षचा वर्ग, उणे दहा क्ष, अधिक एकवीस, बरोबर शून्य. मग वर्गात ते फळ्यावर लिहायचं आणि जणू आपणही आत्ताच पाहतोय अशा चेहऱ्यानं विचारायचं, “हं, सांगा बघू. असे कोणते दोन आकडे, की गुणाकार एकवीस आणि बेरीज दहा?” पोरं डोकं खाजवायची, कुणीतरी “तीन नि सात” म्हणून ओरडायचं, मधलं पद फुटायचं, दोन कंस पडायचे आणि बाई मान डोलवायच्या. आपणच लपवायचं आणि दुसऱ्याला शोधायला लावायचं. लबाडी म्हटली तर लबाडीच, पण तिनं कुणाचं काही बिघडत नव्हतं.

तिच्या हातात एक वही असायची, सिमेंटच्या पिशवीच्या कागदाचं कव्हर घातलेली. ती उघडून, ओळीवर बोट ठेवून चन्नारी गणित ‘वाचायची’. वहीत हजेरीखेरीज काही नव्हतं. गणिताचं पुस्तक गावात एकही नव्हतं. जी होती त्यांच्या पानांच्या केव्हाच विड्या होऊन गेल्या होत्या.

शाळा विहाराच्या मंडपात भरायची. फळा म्हणजे दाराची फळी, तिला जुन्या बॅटरीतली काजळी चोळलेली. खडू म्हणजे वाळवलेल्या कंदाचे तुकडे, तेही फक्त बाईंसाठी. मुलांना काही लिहून दाखवायचं असलं तर त्यांनी कोळशानं मंडपाच्या चुना दिलेल्या खांबावर लिहायचं. सातवीच्या वर्गात सव्वीस जण होते. वर्ग सातवीचा, पण सगळ्यांत लहान चौदा वर्षांचा आणि सगळ्यांत मोठी, मोनी, वीस वर्षांची. मधली वर्षं कुणालाच शाळा नव्हती. बाई स्वतः तेवीस वर्षांच्या.

तिला बाई केलं ते आचार म्याच यांनी. आचार म्हणजे विहाराची पूजाअर्चा बघणारे, साठी उलटलेले गृहस्थ. शिकलेल्यांना वेचून मारणाऱ्या त्या राजवटीचे लोक पळाले आणि गाव पुन्हा गाव झालं, तेव्हा हे घरोघर फिरले. “कुणाला काय येतं ते सांगा रे. ज्याला जास्त येतं त्यानं कमी येणाऱ्याला शिकवायचं, असा वरून निरोप आहे.” वासरात लंगडी गाय शहाणी, असा प्रकार, पण तेव्हा अख्ख्या कंबोडियात लंगड्या गाईच तेवढ्या उरल्या होत्या. आचारांना कुणी उत्तर दिलं नाही. तीन वर्षं, आठ महिने आणि वीस दिवस लोक या एका प्रश्नाचं एकच उत्तर देत आले होते: मला काही येत नाही. ज्यांनी दुसरं उत्तर दिलं ते आता सांगायला नव्हते.

आचार तीनदा आले. तिसऱ्यांदा चन्नारी म्हणाली, “मला थोडं गणित येतं, ता.” ता म्हणजे आजोबा. एवढं म्हणून ती घामानं भिजून गेली.

मग फॉर्म आला. जीवनचरित्राचा फॉर्म तिला नवा नव्हता. त्या वर्षांत तिनं तो सात वेळा भरला होता. बापाचा धंदा: भाजी विकणे. (बाप पोस्टात होता.) शिक्षण: नाही. लिहिता येतं का: सही करण्यापुरतं. खरं लिहायचं नसतं, जपून लिहायचं असतं, हे तिच्या हातालाच ठाऊक झालं होतं. या वेळी जपून लिहायचं म्हणजे उलटं लिहायचं एवढंच तिला कळलं, आणि तिनं लिहिलं, ‘शिक्षण: माध्यमिक, पूर्ण.’ खाली ‘शिकवणाऱ्याचं नाव’ असा रकाना होता. तिथे तिनं नेहमीसारखी एक आडवी रेघ ओढली.

पूर्ण कसलं? तिचं शिक्षण कुठे तुटलं ते तिला तासावर सांगता आलं असतं. पाच वर्षांपूर्वी, बत्तंबांगच्या शाळेत, येम मास्तरांच्या तासाला. मास्तर डावखुरे, बाहीला कायम खडू लागलेला. महिनाभर त्यांनी वर्गसमीकरणाचे अवयव पाडायला शिकवलं, आणि त्या दिवशी फळ्यावर असं एक समीकरण लिहिलं की त्याचे आकडे काही केल्या जमेनात. मुली कुरकुरल्या. मास्तर हसले. “सगळीच काही गुणी नसतात. काही हट्टी असतात, त्यांना वेगळी युक्ती लागते. आता घंटा झाली. उरलेलं नवीन वर्षानंतर.”

नवीन वर्ष एप्रिलात आलं, आणि ते सरतं न सरतं तोच सगळं शहर रस्त्यावर काढलं गेलं.

मास्तर तिला नंतर एकदा दिसले होते, पण ते आपण पुढे बघू. सध्या एवढंच की युक्ती काही तिच्यापर्यंत पोचली नाही. त्यामुळे ती फक्त गुणी समीकरणंच घालायची, आणि सव्वीस पोरांची अशी ठाम समजूत झाली होती की जगात दुसरी नसतातच. झाकली मूठ सव्वा लाखाची. मूठ झाकून आठ महिने निघाले.

ती उघडली तिच्याच एका चुकीनं. नवीन वर्ष आठवड्यावर आलं होतं, उन्हानं जीव नकोसा झाला होता, आणि शुक्रवारी तिच्या मनात नवे दोन आकडे काही येईनात. ती पोरांना म्हणाली, “उद्या प्रत्येकानं स्वतःचं एक समीकरण घालून आणा.” तिला वाटलं, ती करते तसंच पोरंही करतील. पण समीकरण उत्तरापासून मागे घालायचं असतं, हे गुपित तिनं त्यांना सांगितलं होतं कुठे?

शनिवारी पंचवीस जणांनी तिचीच जुनी समीकरणं एखादा आकडा इकडेतिकडे करून, एकमेकांचं बघून आणली. मोनीनं मात्र स्वतःचं आणलं. मोनी सकाळी शाळेत यायची आणि दुपारी बाजारात पेज विकायची. तिच्या पेजेपेक्षा तिची जीभ तिखट असं बाजारात म्हणत. तिनं कोळसा घेतला आणि पुढच्या खांबावर ठसठशीत लिहिलं: क्षचा वर्ग, उणे सहा क्ष, अधिक चार, बरोबर शून्य.

“बेरीज सहा, गुणाकार चार,” कुणीतरी म्हणालं. “एक नि चार... पाच होतात.”

“दोन नि दोन?”

“चार. छे, मध्येच कुठेतरी राहतंय.”

“मोनी, तुझं गणित तुझ्यासारखंच वाकडं आहे.”

“असू दे वाकडं. तू सरळ आहेस ना, मग सोडव की.”

चन्नारीनं खांबाकडे एकदा पाहिलं आणि मनात आकडे लावले. अर्धा आणि आठ? साडेआठ. हे तेच होतं. हट्टी.

“हे कुणाचं बघून लिहिलंस?” तिनं विचारलं. आवाज हवा होता त्याहून कडक निघाला.

“कुणाचं नाही, बाई. माझ्या डोक्यातलं.”

“डोक्यातलं म्हणजे कसं?”

“म्हणजे सहा लिहिले, चार लिहिले. झालं. तुम्हीही असंच करता ना?”

वर्ग तिच्याकडे बघत होता. तिनं वही उघडली, हजेरीवरून बोट फिरवलं, वही मिटली. काहीतरी बोलायला हवं होतं, आणि तोंडातून जे निघालं ते तिनं ठरवलेलं नव्हतं. “उरलेलं नवीन वर्षानंतर.”

त्या वर्गातल्या पोरांपैकी कुणाचं असं एकही घर नव्हतं जिथे हे वाक्य पूर्वी कधी बोललं गेलं नव्हतं.

“मागच्या खेपेलाही मला असंच सांगितलं होतं, बाई,” मोनी म्हणाली. तिच्या आवाजात या वेळी टोमणा नव्हता. “भूगोलाच्या बाईंनी. नद्यांचा धडा अर्धा राहिला होता.” मग ती खाली बसली. “राहू दे ते खांबावर. म्हणजे विसरायला नको.”

संकट एकटं येत नाही म्हणतात. शाळा सुटल्यावर आचार म्याच एक कागद घेऊन आले. “गुरुवारी प्रांताच्या शिक्षण कचेरीतून साहेब येणार आहेत गं. तुझा वर्ग बघायला. तुझा फॉर्मही बरोबर आणणार. कोण किती शिकलंय ते पडताळून बघतायत म्हणे.”

“कशासाठी, ता?”

“मला काय ठाऊक, बाळ. कागद आला, मी वाचला.” ते जायला वळले आणि थांबले. “नदीपलीकडच्या शाळेतल्या मास्तरांचंही असंच पडताळलं. महिना होत आला. शिकायला नेलंय म्हणतात.”

शिकायला नेलंय. हे दोन शब्द तेव्हा या देशात कुणीच साधेपणानं ऐकत नसे. त्या वर्षांत ज्याला न्यायचं त्याला ‘शिकायला’ नेत असत. त्याचं ताट, चमचा आणि चटई मागे राहत असे.

आता मास्तरांचं सांगतो. दुसऱ्या वर्षी चन्नारी बंधाऱ्याच्या कामावर होती. तिथे माती वाहणाऱ्यांच्या रांगेत एक वाळलेला माणूस होता, डाव्या हातानं टोपली तोलणारा. तिनं ओळखलं, त्यांनीही ओळखलं असावं. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही. ओळख म्हणजे पुरावा. तिला शिक्षण नव्हतं, तर तिला मास्तर कुठून असणार? एक दिवस तुकडीप्रमुख आला. खड्डा आखायचा होता. लांबी रुंदीहून चार हात जास्त आणि सगळा मिळून शहाण्णव चौरस हात, असा हुकूम होता. रुंदी किती धरायची ते त्याला जमेना. आदल्या आठवड्यात असाच एक खड्डा चुकला होता, तो बुजवून पुन्हा खणताना दोन बायका जागीच गेल्या होत्या. तुकडीप्रमुखानं रांगेला विचारलं, “कुणाला सांगता येतंय?”

चन्नारीला उत्तर त्याचं वाक्य संपायच्या आत आलं होतं. तिनं मान खाली घातली आणि बोटं मोजल्यासारखं केलं. मग मागून मास्तरांचा आवाज आला, वर्गात यायचा तसाच. “आठ आणि बारा.”

खड्डा बरोबर झाला. तिसऱ्या दिवशी मास्तरांना शिकायला नेलं.

तेव्हापासून तिला वाटायचं, आपण बोलायला हवं होतं. आणि लगेच वाटायचं, बरं झालं बोललो नाही. या दुसऱ्या वाटण्याची तिला फार शरम होती. वर्गात ‘दोन कंसांचा गुणाकार शून्य, म्हणजे दोघांपैकी एक तरी शून्य असायलाच हवा’ हे वाक्य रोज म्हणावं लागायचं, आणि ते म्हणताना ती कधी पोरांच्या डोळ्यांकडे बघत नसे.

रविवार तिनं त्या समीकरणात घालवला. अंगणात काडीनं लिहायचं आणि पायानं पुसायचं. एक आकडा एकाहून लहान हवा, दुसरा पाचाहून मोठा, एवढं कळलं. शून्य पूर्णांक पंचाहत्तर आणि सव्वापाच: गुणाकार चाराला जरासा कमी. शून्य पूर्णांक शहात्तर, पाच पूर्णांक चोवीस: अजून कमीच, पण जवळ. सत्त्याहत्तर घेतले तर पुढे गेला. तिसरा दशांश धरला, चौथा धरला. उत्तर हाताशी यायचं आणि बोट लावायच्या आत सरकायचं. संध्याकाळपर्यंत अंगणभर आकडे झाले होते आणि भात करपला होता.

सोमवारी ती आचारांकडे गेली. “ता, खांबांना चुना कधी देणार?”

“दरवर्षी देतो तेव्हाच. नवीन वर्षाच्या आदल्या दिवशी.”

“या वेळी बुधवारी दिला तर? साहेब येणार आहेत, मंडप बरा दिसेल.”

आचारांनी तिच्याकडे नीट पाहिलं. “चुना शनिवारी येणार आहे. आणि साहेब काय खांब बघायला येतायत?”

खांबच बघायला येतायत, असं तिला म्हणावंसं वाटलं. साहेब मंडपात शिरणार, समोर कोळशाचं ते समीकरण, आणि ते म्हणणार, वा, चला बाई, सोडवून दाखवा. माध्यमिक पूर्ण झालेली बाई ते चुटकीसरशी सोडवेल. पुढचं तिला दिसायचं नाही. दिसायची फक्त मागे राहिलेली एक चटई. मंगळवारी तिनं वर्गाला उजळणी दिली आणि खांबाकडे पाठ करून बसली.

बुधवारी उजाडताना ती ओलं फडकं आणि नारळाचा काथ्या घेऊन मंडपात गेली. पुसून टाकायचं. विचारलं कुणी, तर म्हणायचं साहेबांसाठी साफसफाई. ती खांबापाशी गेली आणि हातातलं फडकं तसंच राहिलं.

मोनीच्या समीकरणाखाली खांब जमिनीपर्यंत भरला होता. एक-चार. दोन-दोन. अर्धा-आठ. पाव-सोळा. कुणी तीन-तीन लिहून ‘बेरीज बरोबर, गुणाकार नऊ’ अशी टीप केली होती. कुणी पाच आणि एक. कुणाचे आकडे गुडघ्याच्या उंचीवर, बसून लिहिलेले. सव्वीस जणांची वेगवेगळी अक्षरं तिला ओळखू येत होती. तिला वाटत होतं पोरं ते विसरली. पोरं चार दिवस तिच्या पाठीमागे तेच करत होती. वह्या नसलेल्या या पोरांनी आयुष्यात जे जे म्हणून लिहिलं होतं ते पुसायलाच लिहिलं होतं. चन्नारी खांबाला टेकून खाली बसली आणि रडली, आणि फडकं पिळून घरी परत घेऊन गेली.

गुरुवारी साहेब सायकलवरून आले. तेप साहेब त्यांचं नाव. पन्नाशीचे, सडपातळ, सदऱ्याचा एक खांदा उसवलेला. त्यांनी आचारांना हात जोडले, चन्नारीला जोडले, आणि पिशवीतून कागदांचा गठ्ठा काढून मांडीवर ठेवला. सगळ्यांत वर तिचा फॉर्म होता. तिला तिचं अक्षर लांबूनच दिसलं. तिनं फळ्यावर समीकरण घातलं: बेरीज नऊ, गुणाकार वीस. पोरांनी चार आणि पाच सांगितले, कंस पाडले, शून्य मांडलं. सगळं नीट झालं.

तेप साहेब उठले. इकडेतिकडे फिरले. खांबापाशी आले आणि थांबले. वरून खालपर्यंत त्यांनी सगळा खांब वाचला, शेवटच्या आकड्यांसाठी तर उकिडवे बसून वाचला. मग उठून वर्गाकडे वळले.

“हे कुणी लिहिलंय?”

त्यांनी सहज विचारलं असावं. पण प्रश्न पडला आणि सव्वीसच्या सव्वीस माना एकदम खाली गेल्या. कुणी शिकवलं नव्हतं त्यांना हे. आठ महिन्यांत चन्नारीनं त्यांना खूप शिकवलं, पण हे ती येण्याआधीच त्यांना पाठ होतं. मोनीची, त्या तिखट जिभेच्या मोनीची बोटं मांडीखाली गेली होती. त्यांना कोळसा लागलेला होता.

चन्नारीचीही मान खाली गेली. सवयीनं गेली. आणि खाली बघता बघता तिला समजलं की ती आता रांगेत उभी आहे, कुणाला सांगता येतंय असं कुणीतरी विचारलंय, आणि मागून आता कुणी बोलणार नाहीये.

“मी लिहिलं,” ती म्हणाली. “मी लिहायला लावलं. त्यांचा काही दोष नाही, साहेब.”

“दोष?” तेप साहेब म्हणाले.

“मला ते सोडवता येत नाही.” आता थांबता येत नव्हतं. “जी सुटतात तेवढीच मी घालते. आधी उत्तर ठरवते, मग समीकरण करते. पुस्तक नाही माझ्याकडे, या वहीत काही नाही. फॉर्मवर मी पूर्ण लिहिलंय ते खोटं आहे. माझं शिक्षण इथपर्यंतच झालंय, या खांबापर्यंत. पुढचं नवीन वर्षानंतर होणार होतं.”

आचार म्याच यांनी डोळे मिटून घेतले.

तेप साहेब खाली झुकलेल्या मानांकडे बघत राहिले. आपण काय विचारलं ते बहुधा त्यांच्या आत्ता ध्यानात आलं. ते पुढे आले आणि पहिल्या रांगेत, पोरांच्या शेजारी जमिनीवर मांडी घालून बसले.

“ज्यानं लिहिलं त्याला शाबासकी द्यायची होती,” ते हळू म्हणाले. “माझी विचारायची रीत चुकली.”

मग मोनीनं मांडीखालचा हात काढून काळी बोटं वर केली. “वरचं मी लिहिलं. बाईंनी नाही. खालचं सगळ्यांनी.”

“सहा आणि चार कुठून आणलेस?”

“असेच आले.”

“असेच आलेले सुटायला कठीण असतात,” साहेब म्हणाले. मग चन्नारीकडे वळले. “बाई, बेरीज सहा आहे. सहाचे निम्मे किती?”

“तीन.”

“कोळसा घ्या. दोन्ही आकडे तीनच असते तर?” त्यांनी खांबावरच्या टिपेकडे बोट दाखवलं. “कुणीतरी तिथवर पोचलंय बघा. गुणाकार नऊ. म्हणजे ते तीन नाहीत. एक तीनाहून जितका कमी...”

“...तितकाच दुसरा जास्त,” चन्नारी म्हणाली. “नाहीतर बेरीज सहा होणार नाही.” ती खांबाकडे गेली. हाताला घाई झाली होती. तीन उणे द. तीन अधिक द. गुणाकार: नऊ उणे दचा वर्ग. तो हवा चार. म्हणजे दचा वर्ग पाच. ती थांबली. रविवारचं अख्खं अंगण तिच्या डोळ्यांसमोर आलं. “पाचाचं वर्गमूळ,” ती म्हणाली. “म्हणून ते सरकत होतं.”

“किती होतं ते, बाई?” कुणीतरी विचारलं.

“दोनाहून जास्त, तीनाहून कमी. लिहायला बसलं तर आकडे संपत नाहीत. पण ते आहे.” तिनं दोन कंस पाडले. पडले. तिच्याच रीतीनं पडले, फक्त आत काय आहे ते आधी ठाऊक नव्हतं.

“म्हणजे सुटतं,” मोनी म्हणाली, “पण संपत नाही.”

“बाजारात तुझी जीभ तशी,” मागून कुणीतरी पुटपुटलं, आणि वर्ग हसला. चन्नारीनं कोळसा खाली ठेवला, तेव्हा तिला जाणवलं की साहेब उठून तिच्या फॉर्मकडे गेले आहेत.

मुलं गेल्यावर त्यांनी तो तिच्यापुढे धरला. त्याच्यासोबत एक कोरा होता.

“हा पुन्हा भरा. खरं लिहा.”

“खरं लिहिल्यावर काय होतं, साहेब?”

“ठाऊक नाही,” तेप साहेब म्हणाले. “मीही माझा खरा परवाच भरलाय. त्याआधी सहा वेळा मी सायकलरिक्षावाला होतो.” ते पिशवी आवरू लागले. “वर्ग तुमच्याकडेच राहील. गावात तुमच्याहून जास्त येणारं दुसरं कुणी आहे का? मात्र नवीन वर्षानंतर महिनाभर बत्तंबांगला शिकायला यावं लागेल.”

चन्नारीचा चेहरा पांढराफटक पडला. साहेबांनी तो पाहिला. त्यांनी पिशवी खाली ठेवली.

“नदीपलीकडचे मास्तर तिथेच आहेत,” ते म्हणाले. “भूमितीत कच्चे निघाले, म्हणून अजून ठेवून घेतलंय. डाळ पातळ असते म्हणून रोज तक्रार करतात. परत येताना फळा पुसायचं फडकं तेवढं मिळेल तुम्हाला, दुसरं काही नाही. पण परत याल.”

तिला विश्वास बसला का? अर्धा बसला. उरलेला अर्धा तिथे जाऊन परत येईपर्यंत बसणार नव्हता, आणि तोवर झोपही धड लागणार नव्हती. तरी तिनं लेखणी घेतली. बापाचा धंदा: पोस्टातला कारकून. शिक्षण: माध्यमिक, अपूर्ण, वर्गसमीकरणं, अवयव पाडण्यापर्यंत. शेवटच्या रकान्याशी हात आला आणि सवयीनं आडवी रेघ ओढायला लागला. तिनं तो थांबवला. आचार दोनदा येऊन गेले.

मग तिनं लिहिलं, ‘शिकवणाऱ्याचं नाव: येम मास्तर, बत्तंबांग. डावखुरे.’ शाई वाळायच्या आत तिनं खाली बारीक अक्षरात अजून एक ओळ लिहिली, फॉर्मवर तिला जागा नव्हती तरी: ‘बंधाऱ्याच्या कामावर ते माझ्या मागे उभे होते. मी त्यांना ओळखत होते.’